न्यूरॉलॉजीसाठी अर्ज कसा करावा (नवी मुंबई आवृत्ती)

ही पुस्तिका कोणासाठी

नेरुळ किंवा कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या, मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये कुणाच्या तरी गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडताना पाहिलेल्या आणि त्या दिवसापासून कामातून गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही पुस्तिका आहे. ज्यांना डर्मा हवंय त्यांनी ती वाचू नये. त्यांचं आयुष्य सुखात जाणार आहे, त्यात आपण कशाला विघ्न आणा. ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही त्यांनी जरूर वाचावी. ठरवायला नाही, तरी टाळायला उपयोग होईल.

पुस्तिका क्रमाने वाचावी. मधली पायरी गाळल्यास होणाऱ्या नुकसानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. क्रमाने वाचली तरीही राहणार नाही.

१. पात्रता

सर्वप्रथम हे लक्षात घ्या, की न्यूरॉलॉजीसाठी अर्ज असा एक अर्ज आपल्याकडे नसतोच. असतात ते दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या परीक्षांचे, आणि त्यांच्यामध्ये तीन वर्षांची एमडी. न्यूरॉलॉजी हे नाव तुम्हाला थेट शेवटच्या टप्प्यावर, जागांच्या यादीत दिसतं.

हिशेब असा. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट पीजी. मग एमडी मेडिसिन किंवा एमडी पीडियाट्रिक्स, तीन वर्षं. मग नीट एसएस. मग डीएम न्यूरॉलॉजी, पुन्हा तीन वर्षं. एकूण साडेअकरा. हा हिशेब एकही वर्ष वाया न घालवणाऱ्याचा आहे, आणि असा माणूस शोधून सापडत नाही. सरकारी कॉलेजात शिकलात तर प्रत्येक पदवीमागे एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड येतो. तो मोडल्यास भरायचा दंड एमबीबीएसला दहा लाखांपासून सुरू होतो आणि डीएमला दोन कोटींपर्यंत जातो.

नवी मुंबईकरांना एवढी वाट पाहणं जड जाऊ नये. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पहिली गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. २०११ साली एमबीबीएसला लागलेल्या आणि कुठेही न अडलेल्या मुलाने मेट्रोला काही महिन्यांनी हरवलं असतं. नीट पीजीसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला असता, तर मेट्रो जिंकली असती.

आडवाट आहे का? आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीएम न्यूरॉलॉजी करता येतं. त्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर आणि निम्हान्ससाठी ती वर्षातून दोनदा होते. वर्षं तीच सहा, परीक्षा तेवढी एक वाचते. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे ही वाट माहीत असणं आणि ती सापडणं यात अंतर आहे.

२. घरच्यांची संमती

अर्जावर पालकांच्या सहीला जागा नाही. संमती तरीही लागते. ती मिळवताना पुढील संवाद होतो.

"न्यूरो म्हणजे मेंदूचं ऑपरेशन ना रे?" आत्या विचारते.

"नाही गं आत्या, ते न्यूरोसर्जन. मी औषधं देणार."

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

"ते सायकियाट्रिस्ट."

"मग तू नक्की काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा. पक्षाघात, आकडी, कंपवात, अर्धशिशी, विस्मरण, हातापायांची ताकद जाणं, हे सगळं तुम्ही पाहणार आहात. एवढ्यावर आत्याचं समाधान झालं नाही, तर पुण्याचं उदाहरण द्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. कालपर्यंत चालती-फिरती असलेली माणसं पायांतलं बळ जाऊन दवाखान्यात आली, काहींना व्हेंटिलेटर लागला. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा पोटाचा जंतू, त्याच्याशी लढायला निघालेली आणि वाटेत आपल्याच नसांवर उलटलेली प्रतिकारशक्ती, पाण्याचे नमुने, आयव्हीआयजी या औषधाच्या बाटल्यांची किंमत, हे सगळं त्या महिन्यात घरोघरी चहाबरोबर चर्चिलं गेलं. न्यूरॉलॉजी म्हणजे काय हे महाराष्ट्राला एरवी समजावून सांगावं लागतं. त्या महिन्यात नाही लागलं.

आत्याला पटलं, तरी बाबा उरतात. बाबांचा आक्षेप शाखेवर नसतो, वेळेवर असतो. तुमचा दहावीचा मित्र ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला लागून उलव्यात फ्लॅट घेऊन बसलाय, आणि तुम्ही तिशीच्या उंबरठ्यावर स्टायपेंडची वाट पाहणार. यावर तोड नाही. गप्प बसावं, भाजी वाढून घ्यावी.

टीप: संमती मिळाली की तुम्ही सोसायटीचे न्यूरॉलॉजिस्ट झालात असं समजा. रात्री अकराला तळमजल्यावर कुणाला फिट येते आणि चार माणसं कांदा नि चप्पल घेऊन धावतात. दोन्ही बाजूला ठेवायला सांगा. रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू देऊ नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच हॉस्पिटल. हे करायला डीएम लागत नाही. पण हे ज्याने एकदा केलंय, त्याच्या हातून चप्पल सुटलेली असते आणि शेजाऱ्यांच्याही.

३. साहित्य

एक हातोडी. दुकानात दोन प्रकार मिळतात. छोटी, तिकोनी रबराची, टेलरची. आणि लांब दांड्याची, गोल चकतीची, क्वीन स्क्वेअर. नवशिका छोटी घेतो, कारण ती स्वस्त आणि खिशात मावते. ती इतकी हलकी असते की रिफ्लेक्स यायचा तोही येत नाही. विद्यार्थी केसशीटवर "दोन्ही गुडघे: अनुपस्थित" असं लिहून मोकळा होतो. मग जेआर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, येतो, रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतो, आपली लांब हातोडी नुसती सैल सोडतो, आणि पाय उडतो. इतका वेळ अनुपस्थित कोण होतं हे वॉर्डातल्या सगळ्यांना कळतं, रुग्णालासुद्धा.

एक ट्यूनिंग फोर्क, १२८ हर्ट्झचा. ५१२ चा कानाच्या डॉक्टरांसाठी असतो. घाईत चुकीचा उचलून पायाच्या अंगठ्यावर टेकवणारे दरवर्षी असतात.

कापूस, टाचणी, टॉर्च. तळव्यावर रेघ ओढायला स्कूटरची किल्ली. बाबिन्स्कीने १८९६ साली पॅरिसमध्ये हे चिन्ह सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ॲक्टिव्हाची किल्ली खचित नसावी, पण भारतभर अंगठा वर जातो का खाली, हे तिनेच ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं साहित्य, जे विकत मिळत नाही. बघण्याची सवय. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला न्यूरॉलॉजी उभी करणाऱ्यांमधले डॉ. नोशीर वाडिया यांनी काही कुटुंबांमध्ये पिढीजात चालत आलेला तोल जाण्याचा आजार पाहिला. तोल जाणारे रुग्ण बाकीच्यांनीही पाहिले होते. वाडियांच्या लक्षात आलं, की या माणसांचे डोळे एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडी मारत नाहीत, सावकाश सरकत जातात. १९७१ साली त्यांनी आणि सहलेखक स्वामी यांनी हे 'ब्रेन' या नियतकालिकात मांडलं. पुढे जनुकशास्त्र आलं आणि या आजाराला एससीए-२ हे नाव मिळालं. त्याच १९७१ साली डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी काहींचे पाय लुळे पडले. डोळ्यांचा रुग्ण एका विभागात, पायांचा दुसऱ्या विभागात. दोघे एकच आहेत, हे जोडून पाहणाऱ्यांत वाडिया होते. एमआरआय तेव्हा जगात कुठेच नव्हता.

दुसरी सवय, वेळ विचारायची. लक्षण अचानक आलं असेल तर रक्तवाहिनी, काही दिवसांत वाढलं असेल तर संसर्ग किंवा सूज, महिनोन्महिने सरकत आलं असेल तर गाठ किंवा झीज. निम्मं निदान या एका प्रश्नात असतं. "कधीपासून?" असं विचारल्यावर पनवेलकडची आजी सांगते, "गणपतीपासून." गणपती यायच्या दिवसापासून की विसर्जनापासून, हे विचारायला कंटाळू नका. यंदाचे गणपती की मागच्या वर्षीचे, हेही विचारा.

४. पहिला अर्ज

नीट पीजीचा अर्ज नॅशनल बोर्डाकडे ऑनलाइन भरायचा. त्यात नाव, प्रवर्ग, कॉलेज, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि इंटर्नशिप संपण्याची तारीख विचारतात. तारखेला जपा. २०२५ साली ती मर्यादा ३१ जुलै होती. इंटर्नशिपमध्ये बुडवलेल्या दिवसांची भरपाई ऑगस्टपर्यंत लांबलेल्यांना हॉस्टेलच्या छतावर वर्षभर विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

त्यानंतर फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा. या तिन्हींत खोट निघाली तर सुधारायला वेगळी मुदत मिळते आणि ती दरवर्षी अनेकांना लागते. सीटी स्कॅनवरचा मिलीमीटरभर ठिपका ओळखायची स्वप्नं पाहणाऱ्यांना स्वतःच्या फोटोतली सावली दिसत नाही.

अर्ज पूर्ण झाल्याच्या रात्री न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा फोन येतो. तिकडे न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी मेडिकल कॉलेजनंतर थेट, चार वर्षांची. अर्जासोबत स्वतःबद्दल पानभर निबंध, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, मग मुलाखती, आणि मार्चमध्ये एका शुक्रवारी कोण कुठे लागला ते कळतं.

"तुझा निबंध कुणी तपासला?" ती विचारते.

"आमच्याकडे निबंध नसतो, ताई."

"मग त्यांना कसं कळतं, तुला न्यूरॉलॉजी का हवीय ते?"

"नाही कळत."

पलीकडे थोडा वेळ शांतता असते. ताईला वाईट वाटू देऊ नका. आपल्याकडे शिफारसपत्रांची पद्धत असती, तर कुणाच्या मुलाला कुठली सीट गेली असती, हे प्रत्येकाने आपापलं कॉलेज डोळ्यांपुढे आणून ताडून पाहावं. रँक आंधळी असते, म्हणून ती बरी. तिला तुमची तळमळ दिसत नाही, तसं तुमच्या काकांचं पदही दिसत नाही.

५. परीक्षेचा दिवस

परीक्षा बहुधा रविवारी असते. २०२४ साली ११ ऑगस्टला होती, २०२५ साली ३ ऑगस्टला, दोन्ही रविवार. त्यामुळे नवी मुंबईच्या उमेदवाराने सिलॅबसच्या आधी हार्बरचा मेगाब्लॉक तपासावा. कुर्ल्याच्या पुढचं केंद्र मिळालं असेल तर आदल्या रात्रीच मामांकडे मुक्काम करावा. सकाळी नऊचा पेपर असला तरी फाटक साडेआठला बंद होतं, आणि फाटकावरच्या माणसाला मानखुर्दला सिग्नल का लागला यात रस नसतो.

बॅग भरण्यापूर्वी परीक्षा खरंच आहे का, याची खात्री करून घ्या. २०२४ ची परीक्षा २३ जूनला ठरली होती. २२ जूनच्या रात्री ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. तोवर अनेक जण दुसऱ्या शहरातल्या लॉजवर पोचून उजळणी करत बसले होते. पुढच्या वर्षी १५ जूनला दोन सत्रांत ठरलेली परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्रात घ्यायला सांगितल्यामुळे ऑगस्टवर गेली. उमेदवार दोन लाखांहून जास्त, त्यामुळे एक तारीख हलली की दोन लाख घरांतले लग्नाचे हॉल, गावचे गणपती आणि हनिमून हलतात.

पेपरात २०० प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. प्रश्नांचे पाच गट, प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येक गटाला ४२ मिनिटं. वेळ संपली की गट बंद, मागे फिरता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. मेंदूवर त्यात मोजकेच प्रश्न असतात. बाकी प्रसूती, चष्मे, कीटकनाशकं, हाडं आणि लसीकरण. न्यूरॉलॉजिस्ट होण्यासाठी तुम्हाला कोणत्या किड्यामुळे कोणता ताप येतो हे ६३ सेकंदांत आठवलं पाहिजे. आठवलं नाही तर पुढे जा. कुढत बसलात तर पुढचे ६३ही जातात.

निकाल लागल्यावर पर्सेंटाइल पाहून लगेच रडू नका. २०२३ साली जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. त्या वर्षी परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला. मेडिसिन मात्र तेव्हाही वरच्याच रँकला मिळालं. पात्र असणं आणि सीट मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लग्नाळू मंडळींना आधीच ठाऊक असतं.

६. चॉईस फिलिंग

समुपदेशन या शब्दाने फसू नका, तिथे कुणी समजूत काढत नाही. संकेतस्थळावर कॉलेजांची यादी पसंतीक्रमाने लावायची असते, एवढंच.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात केंद्राची समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते, उरलेल्या राज्याचा सीईटी कक्ष. अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीकडे. त्यामुळे नेरुळच्या नेरुळमध्ये गंमत होते. डी. वाय. पाटीलची सीट दिल्लीहून वाटली जाते आणि तेरणाची मुंबईहून. दोन्ही फाटकांमध्ये रिक्षाने जाण्याइतकंच अंतर आहे. कामोठ्याचं एमजीएमही अभिमत, म्हणजे दिल्लीच. दोन्ही संकेतस्थळांवर वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळे राउंड, आणि एका ठिकाणी अपग्रेडची वाट पाहताना दुसरीकडची मुदत उलटून जाण्याची सोय.

खाजगी आणि अभिमत कॉलेजांच्या फीचा रकाना वाचताना खुर्चीत बसून वाचावा. बाबांना शेजारी बसवू नये.

यादी लावताना मुंबईची चार नावं वर येतात: परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे., सायन आणि नायर. सीनियर सांगतात, जिथे न्यूरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आणि डीएम आहे, तिथे मेडिसिन करा. वॉर्डात फिरून फिरून कानावर पडतं. सल्ला चांगला आहे. तो तुमच्या वरच्या हजारो रँकवाल्यांनाही मिळालेला असतो.

७. मधली तीन वर्षं

एमडी मेडिसिनच्या जेआर वनला न्यूरॉलॉजीची आठवण करून देऊ नये. पावसाळा लागला की मुंबईच्या मेडिसिन वॉर्डात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो एकत्र येतात. खाटा संपतात, मग खाटांमधल्या गाद्या संपतात. प्लेटलेट्सचे आकडे लिहून लिहून स्वतःचा फोन नंबर विसरायला होतो. रक्ताच्या नळ्या, डिस्चार्ज कार्ड, नातेवाइकांचे प्रश्न आणि रात्री अडीचला मिळालेला वडापाव, यात पहिलं वर्ष संपतं.

जोडीला थिसिस. विषय न्यूरॉलॉजीचा घ्या, पुढे कामी येईल असं सगळे सांगतात. आरोग्य विद्यापीठाचं कॉलेज असेल तर सिनॉप्सिस नाशिकला जाते, त्याआधी एथिक्स कमिटी. गाइड म्हणतात, "शंभर पेशंट घे." बोलणं सोपं असतं. मधे तीन महिने जिल्हा रुग्णालयात रेसिडेन्सी करावी लागते. ती टाळायची खटपट करू नका. न्यूरॉलॉजिस्ट नसलेल्या गावात लकवा मारलेला माणूस किती तासांनी दवाखान्यात येतो आणि मधले तास कुठे जातात, हे तिथेच कळतं. ते तास तेल चोळण्यात, देवऋषीकडे आणि "सकाळी बघू" यात जातात.

हे जाणं महागात पडतं. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्यावर उपचाराविना सरणाऱ्या दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हे वाक्य पाठ करण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या रिक्षा स्टँडवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंत, तर तुमच्या थिसिसपेक्षा जास्त लोकांचं भलं होईल.

८. दुसरा अर्ज

एमडी झाली. आता नीट एसएस. पुन्हा फोटो, सही, अंगठा. अंगठा तोच, चेहरा बराच बदललेला.

१५० प्रश्न, अडीच तास. पूर्वी या परीक्षेत साठ टक्के प्रश्न ज्या विषयात पुढे जायचं त्या विषयाचे असत. २०२१ मध्ये ऐन परीक्षेच्या तोंडावर ही पद्धत बदलून सगळेच प्रश्न एमडीच्या विषयावर आणायचं ठरलं. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. तरुण डॉक्टरांना सत्तेच्या खेळातला फुटबॉल करू नका, असं न्यायालयाने तेव्हा सुनावलं. बदल एक वर्ष पुढे गेला आणि मग लागू झालाच. त्यामुळे आज मेडिसिनवाल्या भावी न्यूरॉलॉजिस्टची निवड हृदय, मूत्रपिंड, यकृत, सांधे आणि मेंदू अशा सगळ्या जनरल मेडिसिनवरून होते. हृदय चांगलं आलं म्हणून न्यूरॉलॉजी मिळालेले लोक आहेत. मेंदू चांगला येऊनही मूत्रपिंडात गेलेलेही आहेत.

रँक आली की शेवटची यादी. गॅस्ट्रो, कार्डिओ, न्यूरो असा प्रवाह असतो. इथे तुम्हाला पहिल्यांदा अधिकृत संकेतस्थळावर न्यूरॉलॉजी हे नाव दिसेल. स्क्रीनशॉट काढून आत्याला पाठवा.

९. नेहमीचे प्रश्न

*लग्न कधी करावं?* जेआर थ्री आणि नीट एसएसच्या निकालाच्या मध्ये एक फट असते. बरीच लग्नं त्या फटीत बसवतात. हॉल वाशीचा घ्यावा. परळहून मित्र येऊ शकतात आणि रात्रपाळीला परतू शकतात.

*न्यूरॉलॉजीत कुणी बरं होतं का?* एकेकाळी अशी चेष्टा व्हायची की न्यूरॉलॉजिस्ट रोगाचं नाव सांगतो आणि निघून जातो. आज अंगाची एक बाजू गेलेला माणूस वेळेत आला तर आठवड्याने स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. आकडीचे बहुसंख्य रुग्ण गोळ्या नियमित घेतल्या तर नोकरी, संसार सगळं करतात. गुलेन बॅरेने खाटेला खिळलेले बहुतेक लोक काही महिन्यांनी पुन्हा चालतात. चेष्टा जुनी झाली.

*न्यूरॉलॉजीला बुद्धी फार लागते का?* चिकाटी जास्त लागते. रुग्ण हळू बोलतो, कधी शब्द सापडत नाहीत, कधी त्याच्याऐवजी बायको बोलते आणि ती त्याच्या आधीच्या तीन आजारांपासून सुरुवात करते. मधे तोडू नका. चौथ्या मिनिटाला ती निदान सांगते.

*नाहीच मिळालं तर?* पुढच्या वर्षी पुन्हा देता येतं. एमडी मेडिसिन म्हणून उभं राहता येतं, आणि जिथे न्यूरॉलॉजिस्ट नाही अशा बहुसंख्य तालुक्यांत फिट, लकवा आणि डोकेदुखी तुम्हीच पाहणार आहात. मेंदू आपल्याकडे यायला पदवी विचारत नाही.

१०. नसलेला रकाना

अर्जाच्या दोन्ही फेऱ्या, दोन्ही परीक्षा आणि पसंतीची सगळी पानं उलटून पाहिलीत, तर एक रकाना कुठेच सापडणार नाही: ही शाखा तुम्हाला का हवी आहे? साडेअकरा वर्षांत हे तुम्हाला कुणीही अधिकृतपणे विचारणार नाही. आत्या विचारेल, मावसबहीण विचारेल, संगणक विचारणार नाही. रँकची पद्धत न्याय्य आहे, पण तिने तुमच्यावर एक काम टाकलंय. हा रकाना तुम्हालाच भरायचा आहे, आणि तपासणारही तुम्हीच.

त्याची रीत सोपी आहे. उद्या वॉर्डात जा. ज्याला कसलीही घाई नाही असा एखादा रुग्ण निवडा, त्याची परवानगी घ्या आणि डोक्यापासून तळव्यापर्यंत पूर्ण न्यूरॉलॉजिकल तपासणी करा: बोलणं, स्मृती, बाराही क्रेनियल नसा, ताकद, स्पर्श, तोल, चाल. नवशिक्याला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास संपायच्या आत तुम्ही मोबाइल बघितलात, तर डर्माचा विचार करा, त्यात कमीपणा काही नाही. नाही बघितलात, तर पुढच्या नीट पीजीची तारीख काढा, इंटर्नशिपचे बुडवलेले दिवस भरून टाका आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक बरा फोटो आत्ताच काढून ठेवा.